आमच्या गावाचे पोलीस जमादार 31 मे रोजी निवृत्त होत आहेत. गावाने त्यांचा सन्मान कसा करावा?

गोमाईकाठ

सर्व सभासदांना नमस्कार.

शहादा तालुक्यातील आमच्या गावाचे बीट (पोलीस ठाण्याने नेमून दिलेला भाग) ज्यांच्याकडे आहे, ते सहायक फौजदार येत्या 31 मे रोजी नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होत आहेत. 1991 साली ते धुळे जिल्हा पोलीस दलात शिपाई म्हणून भरती झाले. तेव्हा आपला सगळा भाग धुळे जिल्ह्यातच होता. 1 जुलै 1998 रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तेव्हा ते इकडेच राहिले, आणि धडगाव, तळोदा, सारंगखेडा अशी ठाणी करत शेवटची काही वर्षे आमच्या वाट्याला आले. गावात त्यांना पदनामाने कोणी हाक मारत नाही. वडीलधाऱ्यांसाठी ते जमादार आहेत आणि पोरांसाठी आबा.

त्यांच्या सत्कारासाठी मारुतीच्या पारावर बैठक झाली. उघड्या जीपमधून मिरवणूक, डीजे, चौकात मोठा फलक, लोकवर्गणीतून एक तोळ्याची अंगठी आणि शेवटी गावजेवण असा बेत साधारण ठरत आला आहे. लोकांचे प्रेम खरे आहे, त्याबद्दल शंका नाही. मानपत्र लिहिण्याचे काम मी शाळेत शिकवतो म्हणून माझ्याकडे आले आहे, आणि तिथेच माझी अडचण सुरू झाली. ‘कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, शिस्तप्रिय’ हे शब्द कोणत्याही निवृत्त माणसाला लावता येतात. या माणसाने जे केले, ते या शब्दांत मावत नाही.

दोनच गोष्टी सांगतो. आमच्याकडे विहिरींवरच्या मोटारींच्या केबली चोरीला जाण्याचा मोठा त्रास होता. चोर रात्रीतून केबल कापतात, जाळून आतले तांबे काढतात आणि भंगारात विकतात. शेतकऱ्याचे नुकसान केबलीच्या किमतीएवढेच नसते, कारण पाण्याची पाळी चुकली की ऊस आणि पपई दोन्ही मान टाकतात. बहुतेक शेतकरी तक्रारच देत नसत. जमादारांनी घरोघर फिरून तक्रारी लिहून घेतल्या, प्रत्येकाच्या केबलीचा रंग, जाडी आणि अंदाजे लांबी स्वतःच्या खिशातल्या डायरीत नोंदवली, आणि ती डायरी घेऊन ते आजूबाजूच्या बाजारगावांतील भंगारवाल्यांकडे आठवडेच्या आठवडे जात राहिले. अखेर टोळी सापडली. मुद्देमाल परत मिळाला तेव्हा कोणती केबल कोणाची, यावर वाद झाला नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक मोठी वाटते. रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी भरताना आमच्या गावातील एका तरुण शेतकऱ्याला सर्पदंश झाला आणि तो वाचला नाही. अशा मृत्यूनंतर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून वारसाला दोन लाख रुपये मिळतात, मात्र अकस्मात मृत्यूची खबर, घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल यांत थोडी जरी विसंगती राहिली तरी प्रकरण अडकते. जमादार रात्रीच त्या शेतात गेले. पाण्याचा दांड कुठे फोडला होता, बॅटरी कुठे पडली होती, माणूस काय करत असताना दंश झाला, हे सगळे त्यांनी पंचांसमोर बारकाईने लिहिले. तेराव्यानंतर प्रती घेऊन ते स्वतः त्या विधवा वहिनींच्या दारात आले, आणि कोणता कागद कृषी कार्यालयात कुठे द्यायचा हे त्यांनी तिच्या दिराला दोनदा समजावून सांगितले. तिचे प्रकरण एकही त्रुटी न निघता मंजूर झाले.

आता मुख्य प्रश्न. बेत कानावर गेल्यावर जमादार मला भेटले आणि म्हणाले, “सत्कार करायचाच असेल तर ज्यांचे काम माझ्या हातून झाले नाही, त्यांनाही बोलवा.” आमच्या शेजारच्या वस्तीवरील एका म्हाताऱ्या बाईची बैलजोडी चोरीला गेली होती, ती शेवटपर्यंत सापडली नाही. जमादारांच्या मनात प्रामुख्याने ती बाईच असावी. या इच्छेचा मान कसा राखावा, मानपत्रात काय लिहावे, आणि सरकारी सेवेतील माणसाचा असा जाहीर सत्कार नियमांत बसतो का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

जुना बारनिशी कारकून, धुळे

माझी सगळी नोकरी पोलीस खात्याच्या कार्यालयीन शाखेत गेली, त्यामुळे नियमांबद्दल थोडे अधिकाराने लिहितो.

पोलीस कर्मचारी ज्या महिन्यात अठ्ठावन्न वर्षे पूर्ण करतो, त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. जन्मतारीख महिन्याची पहिली असेल तर आधीच्या महिन्याच्या अखेरीस. आपल्या पिढीतील असंख्य मुलांची जन्मतारीख शाळेत दाखल करताना गुरुजींनी 1 जून लिहून टाकलेली आहे, म्हणूनच 31 मे रोजी प्रत्येक खात्यात निरोपांची रांग लागते. तुमचे जमादारही बहुधा त्यांच्यातलेच असावेत. त्या दिवशी निवृत्त होणाऱ्या सर्वांचा जिल्हा मुख्यालयात वरिष्ठांच्या हस्ते सपत्नीक निरोप समारंभ होत असतो, आणि कागदपत्रे, ओळखपत्र व साहित्य जमा करण्याचे कामही त्याच सुमारास आटोपायचे असते. तो दिवस खात्याचा आणि कुटुंबाचा राहू द्यावा. गावाने त्यात ओढाताण करू नये.

आता नियमांविषयी. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 यांत शासकीय कर्मचाऱ्याने पूर्वपरवानगीशिवाय आपल्या गौरवार्थ भरवलेल्या जाहीर सभा व मानपत्रे स्वीकारण्यावर बंधने आहेत. निवृत्तीच्या वा बदलीच्या वेळचा मुख्यतः खासगी आणि अनौपचारिक स्वरूपाचा निरोप समारंभ त्याला अपवाद आहे. मौल्यवान भेटवस्तूंवर आणि वर्गणीवरही निर्बंध आहेत. म्हणजे 31 मेपूर्वी त्यांच्या नावाने लोकवर्गणी गोळा करणे आणि सोन्याची अंगठी देणे हे दोन्ही त्यांना अडचणीत आणणारे आहे. गावातील कोणाचा एखादा गुन्हा ठाण्यात तपासावर असेल आणि त्यानेही वर्गणी दिली असेल, तर उद्या बोट जमादारांकडे दाखवले जाईल, तुमच्याकडे नाही. एवढी वर्षे ज्याने वर्दीला डाग लागू दिला नाही, त्याला शेवटच्या आठवड्यात या धोक्यात घालणे बरोबर नाही. समारंभ जूनमध्ये घ्या, साधा घ्या, आणि अंगठीचा विचार पूर्ण सोडून द्या.

मिरवणुकीबद्दल स्पष्टच लिहितो. रस्त्यावर मिरवणूक म्हटली की परवानगी आली, आणि परवानगीपाठोपाठ बंदोबस्त आला. त्यांच्या सन्मानासाठी त्यांच्याच ठाण्यातील चार सहकारी ऐन उन्हाळ्यात दिवसभर रस्त्यावर उभे राहतील. गणपती, दुर्गोत्सव, होळी, निवडणुका असे आयुष्यभर बंदोबस्तात उभे राहिलेल्या माणसाला ते पाहून आनंद होणार नाही.

मानपत्रासाठी एक उपाय सुचवतो. त्यांच्या सेवापुस्तकाच्या प्रतीवरून नेमणुकांचा क्रम, पदोन्नतीच्या तारखा आणि मिळालेली बक्षिसे उतरवून घ्या. पोलिसाला चांगल्या तपासासाठी मिळणारे बक्षीस रकमेने फार लहान असते, परंतु त्याची नोंद कायमची राहते आणि प्रत्येक नोंदीमागे एक काम असते. त्यांनाच विचारा की कोणते बक्षीस कशासाठी मिळाले होते. अशा माणसांना वाटते की आपण सांगण्यासारखे काही केलेले नाही, त्यामुळे आपणहून ते बोलणार नाहीत. नोंद समोर ठेवली की आठवण निघते. पदनाम मात्र काटेकोर लिहा. शिपाई, हवालदार, सहायक फौजदार यांतील प्रत्येक पायरीला वर्षे लागलेली असतात, आणि घाईत कोणी फलकावर ‘पोलीस निरीक्षक’ लिहिले तर तो सन्मान होत नाही.

पोलीस लाइनीतली लेक

माझे वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले. मी पोलीस वसाहतीत वाढले, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते.

तुमच्या बेतात जमादारांच्या पत्नीचा उल्लेख कुठेच आलेला नाही. समारंभात त्यांना शेजारच्या खुर्चीवर बसवून खणानारळाने ओटी भरली जाईल हे मला माहीत आहे. मी त्याहून अधिक काहीतरी मागत आहे. ज्या माणसाने धडगावच्या डोंगरात आणि तळोद्यात नोकरी केली, त्याच्या बायकोने त्या काळात मुलांच्या शाळा, सासूसासऱ्यांचे आजारपण आणि शेत एकटीने सांभाळलेले असणार. काठी गावच्या राजवाडी होळीला सातपुड्यातील हजारो लोक रात्रभर जमतात आणि पहाटे होळी पेटते. तिथल्या बंदोबस्तावर असलेल्या प्रत्येक पोलिसाच्या घरची होळी त्या वर्षी त्याच्यावाचूनच पेटलेली असते.

आमच्या घरी श्रावणात कानबाई, ही खानदेशातली देवी, बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातील पुरुषांच्या नावाने मुठी मोजून गहू घेतात, आणि आई वडिलांच्या नावाचे गहू मोजताना दर वर्षी त्यांचे नाव मोठ्याने घ्यायची. ते स्वतः तेव्हा कुठल्यातरी गावात दुसऱ्यांच्या कानबाईच्या विसर्जन मिरवणुकीसोबत चालत असायचे. आम्हा भावंडांना त्याचा राग येत असे. मोठे झाल्यावर कळले की त्या मिरवणुका सुखरूप पार पडत होत्या, त्यात आमच्या रागाचाही वाटा होता.

म्हणून मानपत्र दोघांच्या नावाने लिहा. जमादारांच्या कामाच्या जोडीने त्यांच्या पत्नीने काय केले, हे त्यांना भेटून, विचारून, नेमक्या शब्दांत लिहा. त्या संकोचतील. गावातील एखाद्या बाईने जाऊन विचारले तर बोलतील. भेटवस्तूच द्यायची असेल तर दोघांच्या पंढरपूरच्या किंवा चारधामच्या प्रवासाची व्यवस्था समारंभानंतर खासगीरीत्या करता येईल, कारण इतक्या वर्षांत रजा मंजूर होऊन दोघे मिळून कुठे गेले असतील याची मला फारशी खात्री वाटत नाही.

आणखी एक विनंती. त्यांच्या बरोबर भरती झालेल्यांपैकी काही जण निवृत्तीपर्यंत पोहोचलेले नसतील. वाहन अपघात, हृदयविकार, करोनाच्या काळातील बंदोबस्त, कारणे अनेक आहेत. 21 ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिनी मुख्यालयात कर्तव्यावर प्राण गेलेल्यांची नावे वाचली जातात. तुमच्या समारंभात जमादारांना विचारून त्यांच्या अशा सहकाऱ्यांची नावे घ्या आणि शक्य असेल तर त्यांच्या घरच्यांना बोलवा. माझ्या वडिलांच्या निरोपाच्या दिवशी ते सर्वांत जास्त याच एका गोष्टीने समाधानी झाले होते.

सातपुड्याच्या पायथ्याचा पोलीस पाटील

वरील दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत. माझा मुद्दा थोडा वेगळा असून तो सर्वांना आवडेल असे नाही.

सत्काराच्या भाषणांत उत्साहाच्या भरात लोक जुनी प्रकरणे नावानिशी सांगू लागतात. ‘अमक्याच्या मुलीला परत आणून दिले’, ‘तमक्याच्या घरातील भांडण मिटवले’, अशी वाक्ये व्यासपीठावरून ऐकली की अंगावर काटा येतो, कारण ती मुलगी आता दुसऱ्या गावी संसारात असते आणि तिचे नातेवाईक त्याच मांडवात बसलेले असतात. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 नुसार गुन्हा आहे, आणि अल्पवयीन मुलांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याचे बंधनही आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, पोलिसाच्या उत्तम कामातील निम्मे काम हे त्याने जे कोणाला सांगितले नाही त्यात असते. तुमच्या जमादारांनी ज्या घरांची अब्रू राखली, ती त्यांच्याच सत्कारात जाऊ नये. बोलणाऱ्यांना आधीच बजावून ठेवा. केबलचोरीसारखी, सारंगखेड्याच्या यात्रेसारखी उदाहरणे खुशाल सांगा.

यात्रेवरून आठवले. दत्तजयंतीला सारंगखेड्यात घोडेबाजाराची गर्दी असते तेव्हा मी त्यांना काम करताना पाहिले आहे. पोर हरवल्यावर शोधायला धावण्याआधीच ते प्रवेशाच्या बाजूला उभे राहून लहान मुलांच्या तळहातावर बॉलपेनाने आईबापाचा मोबाइल क्रमांक लिहीत होते. आदिवासी पाड्यांवरून आलेल्या काही बायांकडे मोबाइल नव्हता, तर पाड्याचे नाव आणि सोबत आलेल्या जीपचा क्रमांक लिहिला. हे काम त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. मानपत्रात हा प्रसंग जरूर घ्या.

आता त्या म्हाताऱ्या बाईंबद्दल. जमादारांची इच्छा मनापासूनची आहे, तरीही त्या बाईंना मांडवात बोलावून बसवू नये असे माझे ठाम मत आहे. मांडवात टाळ्या वाजत असताना ज्याचे नुकसान भरून आले नाही, त्याने काय करावे? त्यांनी टाळ्या वाजवल्या तर ती सक्ती होते, आणि नाही वाजवल्या तर चार लोक त्यांच्याकडे पाहतात. जमादारांनी समारंभाच्या आधी त्यांच्या वस्तीवर जावे, हवे तर तुम्ही सोबत जावे, आणि तपासात काय केले व काय हाती लागले नाही हे त्यांना एकदा बसून सांगावे. आमच्याकडे गुरांच्या चोरीत जनावर थेट सीमेपलीकडे मध्य प्रदेशात किंवा गुजरातेत निघून जाते आणि मग माग लागत नाही, हे त्या बाईंना कोणीतरी नीट सांगितले आहे का, हाच प्रश्न आहे. तक्रारदाराला चोरीइतकाच त्रास ‘पुढे काय झाले ते कळलेच नाही’ याचा होतो. त्या बाईंना नंतर स्वतःहून यावेसे वाटले तर त्यांच्यासाठी पुढची खुर्ची ठेवा.

शेवटचे एक. मानपत्र वाचताना निदान काही भाग अहिराणीत असू द्या. पाड्यांवरच्या आणि गावातील म्हाताऱ्यांना प्रमाण भाषेतील लांब वाक्ये समजायला जड जातात. मध्यरात्री फाट्यावर अपघात झाला होता तेव्हा त्यांची मोटारसायकल दिसताच एक आजी म्हणाल्या होत्या, “तुम्ही उनात, आते काय भ्याव नही” (तुम्ही आलात, आता काही भीती नाही). तिथे मी होतो. त्या आजींनाच दोन शब्द बोलायला सांगितले तर कोणत्याही पाहुण्याच्या भाषणापेक्षा ते मोठे ठरेल.

भरतीवाला शहादा

मी पोलीस भरतीची तयारी करणारा विद्यार्थी आहे. अंगठीचे पैसे वाचणार असतील तर एक सुचवू का? आमच्या भागातील मुले डांबरी रस्त्याच्या कडेला पहाटे धावतात, त्यात वाहनांचा धोका असतो. मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, दोघांनाही 100 मीटर धावणे आणि गोळाफेक असते. गावाच्या मोकळ्या जागेवर ग्रामपंचायतीच्या ठरावाने मुरूम टाकून धावपट्टी आखली आणि मुलांसाठी 7.260 किलोचा व मुलींसाठी 4 किलोचा गोळा आणला, तर खर्च एका तोळ्यापेक्षा कमीच येईल. जमादारांनी सकाळचा एक तास दिला तर आमच्यासारख्यांना शिकवणीवर्गाच्या शुल्काशिवाय मार्गदर्शन मिळेल. 2 जानेवारीपासूनच्या पोलीस स्थापना सप्ताहात शाळेतील मुलांना ठाणे दाखवायला नेतात, तेव्हाही त्यांना सोबत घेता येईल. त्यांना अनुभव आहे आणि आम्हाला गरज आहे.

गोमाईकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हे सगळे प्रतिसाद मी काल पारावर वाचून दाखवले. अंगठी आणि मिरवणूक या दोन्ही गोष्टी एकमताने रद्द झाल्या. डीजेवर थोडी ओढाताण झाली, मात्र बंदोबस्ताचा मुद्दा वाचल्यावर तरुण मंडळीच मागे हटली. समारंभ जूनच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी सहानंतर शाळेच्या पटांगणात होईल, कारण दुपारच्या उन्हात बाहेरगावच्या म्हाताऱ्यांना बोलावणे शक्य नाही, आणि पाऊस लवकर आला तर पेरणीच्या घाईत कोणालाच सवड राहणार नाही.

भरतीवाल्या मित्राची सूचना सरपंचांना इतकी पटली की धावपट्टीचा विषय ग्रामसभेच्या पटलावर घेण्याचे त्यांनी तिथेच मान्य केले. जमादारांना विचारले तेव्हा त्यांनी “पहाटे पाच वाजता येणार असाल तरच” एवढीच अट घातली. गावजेवण राहील, पण वरणबट्टी आणि वांग्याच्या भाजीपुरते.

पोलीस पाटलांचा सल्ला मी जमादारांना जसाच्या तसा सांगितला. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले की मांडवात बोलावणे हे आपल्या मनाच्या समाधानासाठी होते, त्या बाईंच्या नाही, आणि पाटील बरोबर बोलतात. मुख्यालयातील निरोपाच्या आधी, वर्दीत असतानाच, ते वस्तीवर जाणार आहेत. तपासाची माहिती द्यायची तर ती सेवेत असतानाच दिली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे पडले, आणि मला ते योग्य वाटते. मी सोबत जाणार आहे.

माझ्या पत्नीने त्यांच्या घरी जाऊन वहिनींशी बोलायचे कबूल केले आहे. सहकाऱ्यांची नावेही जमादारांनी स्वतः लिहून दिली. मानपत्राचा मसुदा तयार झाला की व्यक्तींची नावे वगळून इथे ठेवीन. बारनिशी कारकून काकांनी पदनामे आणि क्रम तपासून द्यावा, आणि पाटील, अहिराणीतील परिच्छेद तुम्हीच लिहून पाठवलात तर गावावर उपकार होतील.